मांजर घरी आणले, पुढे काय?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय हमखास असतात. एक जुलाब-उलट्यांचा आणि दुसरा मांजराच्या पिल्लांचा. पहिल्यावर आपण दरवर्षी बोलतो. दुसऱ्याला चार ओळींचे उत्तर पुरत नाही, हे या आठवड्यात आलेल्या एका पत्राने जाणवले, म्हणून आजचा सगळा मजकूर त्यालाच दिला आहे.

पत्र पाठवणाऱ्या भगिनी तालुक्याच्या गावी राहतात. त्यांचा नववीतला धाकटा मुलगा शिकवणीहून येताना रस्त्याकडेला पडलेले एक मांजर दप्तरात घालून घेऊन आला. मागच्या पायाला जखम, अंगावर पिसवा, पोट खपाटीला गेलेले. त्याने ते कोठीच्या खोलीत ठेवले आणि घरात दोन तट पडले. थोरल्या सूनबाईंना तिसरा महिना आहे. शेजारणी म्हणतात, पोटुशी बाई असलेल्या घरात मांजर नको, गर्भाला धोका असतो. आजोबा म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा जडतो. कोणीतरी सुचवले, पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडून या, तेथे उंदीर भरपूर आहेत, उपाशी मरणार नाही. मुलगा हटून बसला आहे. डॉक्टर सांगतील तसे करू, असे बाईंनी शेवटी लिहिले आहे.

माझे मत विचारलेच आहे तर स्पष्ट सांगतो. मांजर राहू द्यावे. सूनबाईंनी घाबरू नये. मात्र पहिले तीन आठवडे त्या मांजराला घरभर मोकळे फिरू देऊ नये आणि लसीच्या बाबतीत एक दिवसाचीही चालढकल करू नये. रस्त्यावरचे मांजर घरात घेणे धोक्याचे नाही. ते शिस्तीशिवाय घेणे धोक्याचे आहे. आपल्याकडे होते उलटेच. पहिल्या दिवशी लाडाने ते पांघरुणात घेतले जाते आणि महिन्याभराने कोणाला खोकला झाला की त्याची पोत्यात रवानगी होते.

या पोत्याविषयी आधी बोलू. ‘सोडून येणे’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. मांजर हे जागेला धरून राहणारे जनावर आहे. कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, हे आपल्या आजीला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. अनोळखी जागी सोडलेले मांजर आधी दोन-तीन दिवस कोठेतरी दडून उपाशी राहते. मग तेथे आधीपासून असलेल्या बोक्यांशी आणि कुत्र्यांशी त्याची गाठ पडते. त्यातून जखमा होतात, आणि पिसाळण्याचा रोग जनावरांत पसरतो तो अशाच चाव्यांतून. म्हणजे लस न टोचलेले एक मांजर आपण आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात टाकतो, एवढाच त्या ‘सोडून येण्या’चा अर्थ. उपाशीतापाशी राहावे लागेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते.

एक गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. जिन्याखाली किंवा लाकडाच्या ढिगात ओरडणारे प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, त्यात तथ्य आहे. जागा सुरक्षित वाटली नाही की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते आणि या खेपांत एखादे पिल्लू काही वेळ एकटे राहते. पिल्लू गुबगुबीत आणि उबदार असेल तर त्याला हात न लावता लांबून काही तास वाट पाहावी. आई बहुधा परत येते. डोळे न उघडलेले पिल्लू आईपासून तोडले तर त्याला दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, ऊब द्यावी लागते, ओल्या कापसाने पुसून लघवीसुद्धा करवावी लागते. नोकरी-शेती सांभाळणाऱ्या घरात हे जमत नाही आणि पिल्लू दगावते. थंडगार पडलेले, चिखलात माखलेले किंवा ज्याची आई रस्त्यावर मेलेली दिसली असे पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी.

आता घरात आणलेल्या मांजराकडे वळू. दप्तरात किंवा नुसत्या हातात धरून मांजर आणू नये. घाबरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही ओरबाडते. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा झाकणाची टोपली आणि त्यात एक जुने कापड पुरते. घरी आल्यावर त्याला एकच खोली द्यावी. कोठीची खोली, माडीवरची खोली, वापरात नसलेले न्हाणीघर, काहीही चालेल. फक्त दार लागले पाहिजे आणि तेथे फिनेल, उंदराचे औषध, रॉकेल असे काही नको. दोन खोल्यांच्या घरात तेही शक्य नसेल तर कोंबड्यांसाठी मिळतो तसा मोठा पिंजरा आणून त्याची एक बाजू चादरीने झाकावी. खोलीत एक आडवा ठेवलेला खोका असावा, म्हणजे त्याला लपायला जागा मिळेल. एका कोपऱ्यात पाणी आणि खाणे. समोरच्या कोपऱ्यात, शक्य तितके लांब, प्लॅस्टिकच्या घमेल्यात चार बोटे वाळू किंवा लाकडाचा भुसा. जेवणाच्या ताटाशेजारी शौचाला बसणे माणसाला आवडत नाही, तसे मांजरालाही आवडत नाही. वाळू दिसली की बहुतेक मांजरे स्वतःच तिचा उपयोग ओळखतात. शिकवावे लागते ते मालकाला, घमेले रोज साफ करण्यासाठी.

पहिले दोन-तीन दिवस मांजर खोक्याबाहेर येणार नाही. दिवसा खाणार नाही, रात्री सगळे निजल्यावर खाईल. ‘आमचे मांजर आजारी आहे, बाहेरच येत नाही’ म्हणून लोक त्याला कपाटाखालून शेपटीला धरून ओढतात आणि हाताला चावा घेऊन दवाखान्यात येतात. ओढू नये. घरातल्या एकाच माणसाने दिवसातून तीन-चार वेळा खोलीत जावे, जमिनीवर बसावे, हळू आवाजात काही बोलावे, वाटल्यास वर्तमानपत्र वाचावे. मांजराकडे टक लावून पाहू नये. त्याच्या भाषेत ती धमकी असते. ते आपण होऊन जवळ येईल, हाताला डोके घासेल, मग मानेवर आणि गालावर खाजवावे. पोटाला हात लावू नये. शेजारपाजारची दहा मुले बघायला येऊ देऊ नयेत. दोन दिवस ते जेवलेच नाही, पाणीही प्यायले नाही, तर मात्र थांबू नये. मांजर उपाशी राहिले तर दोन-तीन दिवसांतच त्याच्या यकृतावर चरबी चढू लागते, आणि ते दुखणे जिवावरचे असते.

तीन आठवडे का, असे कोणी विचारील. एक कारण मांजराच्या स्वभावाचे, ते वर आलेच. दुसरे आरोग्याचे. मांजरांत पॅनल्युकोपेनिया नावाचा एक जहाल रोग असतो. उलट्या, जुलाब, आणि पिल्ले दोन दिवसांत खलास. तो माणसाला होत नाही, पण घरात आधी एखादे मांजर असेल तर त्याला होऊ शकतो आणि त्याचे जंतू जागेत महिनोन्महिने टिकतात. गजकर्ण, पिसवा, कानातील माइट, जंत या गोष्टीही याच काळात डोके वर काढतात. एका खोलीत आहेत तोवर त्या आवरता येतात. अंथरुणा-पांघरुणांत पसरल्यावर घरच्या बाईचे धुणे दुप्पट होते.

आणल्या आणल्या मांजराला आंघोळ घालण्याची हौस अनेकांना असते. ती टाळावी. अशक्त पिल्लू गारठून मरते. ओल्या कापडाने पुसून घ्यावे, बारीक दातांच्या फणीने पिसवा काढाव्यात आणि त्या साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. येथे तीन गोष्टी ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारख्या आहेत. फिनेल किंवा पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक मांजराच्या अंगाला लावू नये, ते राहते त्या फरशीवरही वापरू नये. मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारी परमेथ्रिनची औषधे मांजराला मुळीच लावू नयेत. आणि तापाची पॅरासिटामॉलची गोळी, ‘लहान मुलांना देतो तशी अर्धी’ म्हणूनसुद्धा, देऊ नये. ते औषध पचवण्याची यंत्रणा मांजराच्या शरीरात फार तोकडी असते. एका गोळीने मांजर मरू शकते. माणसाच्या डॉक्टरने जनावराचा सल्ला देताना हात आखडता घ्यावा हे खरे, पण माणसांच्या गोळ्यांनी मेलेली मांजरे ऐकली आहेत म्हणून हे लिहिणे भाग आहे.

बाकीचे पशुवैद्यकांनी पाहावे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते, तालुक्याला दवाखाना असतो. तेथे गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभे राहिले की लोक हसतात. हसू द्यावे. ‘मांजराला कशाला हवी लस?’ असे खिडकीवरच्या माणसाने विचारलेलेही मी ऐकले आहे. त्याच्याशी वाद न घालता आत डॉक्टरांना भेटावे. पहिल्या आठवड्यातच मांजर दाखवून जंताचे औषध द्यावे आणि ते दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे. मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्रित लस साधारण आठ आठवड्यांच्या वयापासून टोचतात आणि तीन-चार आठवड्यांनी तिची दुसरी मात्रा असते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला, आणि पुढे दरवर्षी. मोठे मांजर असेल तर त्याची प्रकृती पाहून पहिल्या भेटीतही टोचतात. तारखांचे कार्ड घेऊन ते रेशनकार्डाजवळ ठेवावे.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, त्या विषयावर येतो. कुत्रा चावला की आपल्याकडे घरदार दवाखान्यात धावते. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले तर ‘त्यात काय मोठे’ म्हणून तंबाखू, चुना-हळद किंवा तिखट दाबून माणूस कामाला जातो. वाचकहो, पिसाळण्याचा रोग, ज्याला आपण रेबीज म्हणतो, तो मांजरालाही होतो आणि मांजरापासून माणसालाही होतो. आपल्या देशात हा रोग बहुतांशी कुत्र्यांमुळे होतो, पण पाळीव जनावरांत त्यानंतर नाव येते ते मांजराचेच. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणे सुरू झाल्यावर यावर उपाय नाही. पाण्याची भीती वाटू लागलेला रोगी पाहिलेला डॉक्टर तो उभ्या आयुष्यात विसरत नाही.

म्हणून मांजर चावले किंवा त्याच्या नखाने कातडी फाटली तर पहिले काम, वाहत्या पाण्याखाली साबण लावून ती जागा १५ मिनिटे धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. दोन मिनिटे धुतले की आपल्याला पंधरा वाटतात. त्यावर तिखट, चुना, राख काही भरू नये. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसता ओरखडा, रक्त नाही, तर लस पुरते. रक्त आले असेल किंवा दात रुतला असेल तर लसीबरोबर जखमेत आणि भोवती टोचायचे सीरमही लागते. जखमेला लगोलग टाके घालण्याचा आग्रह धरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा, ठरलेल्या दिवशी, आणि सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत असते.

यात एक बारकावा आहे आणि तो मांजर आणणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यावा. ‘आम्ही काल मांजराला लस टोचली आहे, मग आम्हाला कशाला?’ असा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच. रस्त्यावरून आणलेल्या मांजराला आधीच कोणी पिसाळलेले कुत्रे चावलेले असू शकते. मग तो रोग त्याच्या अंगात आठवडे, महिने दबून राहू शकतो आणि नंतर टोचलेली लस त्याला थांबवेलच असे नाही. शिवाय पहिल्या लसीची शक्ती यायलाही साधारण चार आठवडे लागतात. म्हणून नव्या मांजराचा पहिल्या काही महिन्यांतला चावा हा लस नसलेल्या मांजराचाच चावा समजावा. चावलेले मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे. ते दहा दिवस ठणठणीत राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रोगाचे विषाणू नव्हते असे समजतात आणि माणसाच्या उरलेल्या इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टर घेतात. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचे नाही. चावलेले मांजर रागाने मारून टाकणे किंवा सोडून येणे हा सर्वांत मोठा वेडेपणा, कारण मग दहा दिवसांनी पाहायचे कोणाला? मांजराचा आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, उगाचच अंगावर धावून येऊ लागले किंवा अंधारात दडून कोणाला ओळखेनासे झाले, तर त्याला हात न लावता दार बंद करून पशुवैद्यकांना कळवावे.

रेबीजचा प्रश्न नसला तरी मांजराचा चावा साधा नसतो. त्याचे दात सुईसारखे. वरून टाचणी टोचल्याएवढे भोक दिसते, पण जंतू खोल जातात आणि तोंड मिटते. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजलेला असतो. बोटाच्या सांध्याजवळचा चावा तर तासाभरासाठीसुद्धा अंगावर काढू नये. लहान पिल्लांच्या ओरखड्याने कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेला अवधाण येते आणि थोडा ताप राहतो. बहुधा ते आपोआप ओसरते. पण डॉक्टरांना ‘घरात मांजराचे पिल्लू आहे’ हे सांगायला विसरू नये. नाहीतर क्षयाच्या तपासण्यांत पैसे जातात.

आता सूनबाईंचा प्रश्न. शेजारणींचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण अर्धे आहे, आणि अर्ध्या माहितीने घरे जास्त पेटतात. टॉक्झोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदरपणात हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते. येथपर्यंत खरे. पुढचे कोणी सांगत नाही. मांजर ही अंडी बाहेर टाकते ती सहसा आयुष्यात एकदाच, स्वतःला संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडे. ती ताजी असताना निरुपद्रवी असतात; बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी त्यांना रोग लावण्याची शक्ती येते. म्हणजे घमेले रोजच्या रोज साफ झाले तर धोका जवळजवळ संपतो. मांजराला कुरवाळल्याने, त्याचा केस अंगावर पडल्याने हा रोग होत नाही. बहुतेकांना तो होतो तो कच्चट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या कोथिंबीर-मेथीतून किंवा बागेच्या मातीने माखलेल्या हातांतून. ज्या घरात मांजर नाही तेथेही होतो.

तेव्हा सूनबाईंनी घमेल्याला हात लावायचा नाही, परसातल्या मातीत काम केले तर हात स्वच्छ धुवायचे, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढायची आणि मटण पूर्ण शिजलेले खायचे. मांजराला कच्चे मांस घालायचे नाही आणि या महिन्यांत बाहेर सोडायचे नाही, म्हणजे ते उंदीर खाणार नाही. घमेले आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने धुवावे. या अंड्यांवर फिनेलचा परिणाम होत नाही. आणि घमेले साफ करायचे कोणी? माझे उत्तर ज्यांना रुचणार नाही त्यांनी रागावू नये. ज्याने मांजर आणले त्याने, आणि तो शाळेत असेल तर घरातल्या पुरुष मंडळींनी. मुलगा हौसेने मांजर आणतो, बाप कौतुकाने पाहतो आणि घाण काढायची पाळी घरातल्या बाईवर येते, अशी बहुतेक घरांची रीत आहे. नंतर तीच बाई मांजराचा द्वेष करते म्हणून तिला निर्दय म्हणायचे, हा न्याय नव्हे.

याच संदर्भात ‘टॉर्च’ नावाच्या रक्ततपासणीविषयी दोन शब्द. गर्भपात झाला की ही तपासणी अनेक ठिकाणी करायला सांगतात. त्यात टॉक्झोपुढे ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असे आले की घरात गहजब होतो. सासर म्हणते, माहेरी मांजर होते म्हणून असे झाले. आयजीजी पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की हा संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे आणि शरीराने त्याविरुद्ध संरक्षण तयार केले आहे. एका परीने ती चांगली बातमी असते. ‘आयजीएम’ आले तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तज्ज्ञ पुन्हा तपासणी करून घेतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपातांचे खापर टॉक्झोवर फोडण्याला आज आधार नाही. मांजरावरही नाही आणि सुनेच्या माहेरावरही नाही. ही तपासणी ज्या सढळ हाताने लिहून दिली जाते ते मला स्वतःला पटत नाही.

आजोबांच्या दम्याच्या भीतीचे उत्तर थोडे वेगळे आहे. पोटात गेलेल्या केसाने दमा होत नाही. तो शौचावाटे निघून जातो. पण मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या स्रावात एक प्रथिन असते. ते वाळून हवेत तरंगते आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, डोळ्यांची खाज आणि दम्याची धाप लागते. घरात दमेकरी असेल तर या तीन आठवड्यांतच त्याची परीक्षा होते. मांजराच्या खोलीत अर्धा तास बसून धाप वाढली, तर ते मांजर त्या घरासाठी नाही. ओळखीच्या, मांजर हवे असलेल्या घरी लसीच्या कार्डासकट देऊन टाकावे. काहीच झाले नाही तरी आजोबांच्या अंथरुणावर त्याला चढू देऊ नये. गजकर्णाचेही तसेच. मुलाच्या अंगावर गोल चट्टा उठला आणि मांजराचा कान केसविरहित दिसला, तर औषध दोघांना एकाच वेळी करावे लागते. बाजारात मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमे चोळून चट्टा दबतो आणि आतून पसरतो.

खाण्याविषयी थोडक्यात. मांजर दुधावर जगते ही आपली समजूत चित्रांतून आली असावी. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. नुसत्या दूध-भातावर ठेवलेले मांजर दिसायला बरे दिसते, पण त्याला टॉरिन हे द्रव्य मिळत नाही. ते मांसातच असते. ते नसेल तर मांजर हळूहळू आंधळे होते हे १९७५ साली दिसून आले आणि हृदय फुगून मरते हे १९८७ साली. शाकाहारी घरांना अडचण असते याची मला कल्पना आहे. अशांनी टॉरिन घातलेले तयार खाद्य आणावे. तेही चालणार नसेल तर मांजर पाळू नये. ससा पाळावा. मांसाहारी घरांनी उकडलेली कोंबडी, मासे, थोडे काळीज द्यावे. काटे काढून आणि कांदा-लसूण न घालता. कांद्याने मांजराचे रक्त कमी होते.

माणसाने मांजराकडे पाहण्याचा दृष्टिकोन त्याच्या सोयीने बदलतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून तो आपल्या गावोगाव पोहोचला. विसाव्या शतकाच्या आरंभी अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी वैद्यकीय खात्यातल्या डॉक्टरने, ज्या घरांत मांजर तेथे उंदीर नाही आणि प्लेगही कमी, असे मांडून घरोघर मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला होता. पुढे मांजरालाही प्लेग होतो हे कळले, म्हणून तो सल्ला आज कोणी देणार नाही. पण त्या काळी ज्या आळ्यांत मांजर मागून आणत असतील, तेथेच आज पोते शोधतात.

शेवटचा मुद्दा शस्त्रक्रियेचा. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एक मांजर वाचवून वर्षाने दहा पिल्ले रस्त्यावर सोडली तर हिशेब जुळत नाही. तेव्हा पाच महिन्यांच्या सुमारास नर असो वा मादी, नसबंदी करून घ्यावी. बोक्याची केली तर तो भांडत नाही, घरात उग्र वासाचे फवारे उडवत नाही, आणि भांडत नाही म्हणून चावेही कमी होतात. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी. चार-पाच घरांनी मिळून एका जीपमधून मांजरे नेली तर भाडेही वाटले जाते. शस्त्रक्रियेच्या आधी रात्री खायला किती वाजेपर्यंत द्यायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. टाके भरेपर्यंत, साधारण दहा दिवस, मांजराला पुन्हा त्याच पहिल्या खोलीत ठेवावे. त्याला ती ओळखीची असते, त्यामुळे या वेळी ते खोक्यात लपून बसत नाही.